धुतलेली द्राक्षं

सासरी मेंढरं होती तोवर आमच्या मालाची वाट बारामतीत संपायची. लोकर तिथल्या व्यापाऱ्याच्या दुकानात उतरली, की पुढं कुठं जाते हे सासूबाईंना कधी कळलं नाही. विचारलं की व्यापारी नुसता हसायचा. मेंढरं विकून द्राक्षबाग लावली, तरी त्या हसण्याचा त्यांचा राग गेला नाही.

नव्वद सालानंतर आमच्या कळस गावाहून आमची द्राक्षं पहिल्यांदा परदेशी पाठवायची ठरली, तीही बारामतीवरूनच. शीतगृह तिथं, कागदपत्रं तिथं, बंदराकडं जाणारा कंटेनरही तिथूनच सुटायचा.

तिथल्या तपासनिसानं आमची पहिली पेटी उघडली आणि कपाळाला हात लावला. "पुसली काय ओ द्राक्षं?"

मी सासूबाईंकडं पाहिलं. मेंढरं नदीत धुतल्याशिवाय कातरायची नाहीत, ही त्यांची जन्माची सवय. त्याच सवयीनं आम्ही दोघींनी एकेक घड ओल्या फडक्यानं लख्ख केला होता. मण्यांवरची पांढरी झाक, म्हणजे ताज्या मालाची खूणच, आम्ही पुसून टाकली होती.

"घाण माल कसा द्यायचा, साहेब?" सासूबाईंनी विचारलं.

"मावशी, ती घाण न्हाय. उद्या दुपारी बाराला हंगामातला शेवटचा कंटेनर हाय. तवर नवा माल आणा."

परतताना मला रडू आवरेना. दुसऱ्या दिवशी उजाडताच सासूबाईंनी मला बागेत उभं केलं. "देठाला धर. मण्याला बोट लावलंस तर माझ्याशी गाठ हाय." नुकतं जन्मलेलं कोकरू उचलावं तसा त्या घड उचलत होत्या.

अकराला आम्ही बारामतीत होतो. तपासनिसानं पेटीमागून पेटी उघडली आणि शेवटी शिक्का मारला. "पास!"

सून असल्याचं विसरून मी उडीच मारली. इतका आनंद मला माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता.

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. "आता सांगा साहेब, हितनं माल कुठं जातो?"

तो हसला नाही. खडू घेऊन त्यानं कंटेनरच्या दारावर लांब रेघ ओढली आणि वाचत वाचत लिहिलं: बारामती, मुंबई बंदर, लंडन.

सासूबाईंनी रेघेवरून बोट फिरवलं. मग त्याच्या हातातला खडू काढून माझ्या हातात दिला.

"बारामतीच्या आधी कळस लिव," त्या म्हणाल्या. "मोठं लिव."