आप्पांचं काडतुसांचं मेज

आप्पा, माझे वडील, भिंतीला पाठ टेकून उभे आहेत, उजवा हात कोपरात काटकोनात वाकवलेला, आणि मी खडूने त्या कोपराखाली भिंतीवर पांढरी रेघ ओढते आहे... बालपण आठवायला बसले की सगळ्यांत आधी हेच चित्र समोर येतं. श्रावण सरत आला होता, भिंतीला ओल होती, चुन्याचा दमट वास खोलीभर होता, खडू उमटेना म्हणून मी रेघ दोनदा गिरवली, तर आप्पा अंग चोरत म्हणाले, "हळू गं माय, गुदगुल्या होऊन राहिल्या." त्यांच्या मेजाची उंची ठरत होती. उभ्याने काम करताना पाठ वाकू नये आणि हात थरथरू नये म्हणून ते त्यांच्या कोपराइतकं उंच हवं होतं.

मेज होतं काडतुसं भरण्याचं. हे सांगितलं की लातुरातल्या माझ्या मैत्रिणी दचकतात. गळ्यात लिंग, कपाळी भस्म, घरात अंडंसुद्धा न येणारं लिंगायत मास्तरांचं कुटुंब, तिथे काडतुसं कसली! पण इस्लापूरच्या अलीकडे, जंगलाला खेटून आमचं शेत होतं, आणि कणसात दाणा भरला की रानडुकरांचे कळप उतरत. परवान्याची दुनळी बंदूक आजोबांपासून घरात होती. आप्पांनी तिने एकही जीव मारला नाही. "मारायचं न्हाई, हाकलायचं," एवढंच ते म्हणत. म्हणून ते छर्रे न घालता नुसत्या आवाजाची काडतुसं स्वतःच्या हाताने भरत. गावातली माणसं हसत, मास्तर डुकरांना शाळेची घंटा ऐकवतात म्हणत, आणि मलाही तेव्हा थोडी लाज वाटे.

त्या मेजाचा आराखडा आप्पांनी शाळेच्या आलेख-वहीत काढला होता. किती वेळा खोडला असेल, कागद जागोजागी पातळ झाला होता. जुन्या दाराचं सागवान, चारी कडांना बोटभर उंच काठ, म्हणजे बारीकसारीक काही घरंगळून खाली पडू नये; आणि अख्ख्या मेजात लोखंडाचा एकही खिळा नाही, सगळ्या बांबूच्या खुंट्या. लोखंडावर लोखंड आपटलं की ठिणगी पडते, हे मला आठव्या-नवव्या वर्षीच पाठ झालं होतं. दुपारभर रंधा चाले, भुश्शाचा गोडसर वास पुस्तकांना, अंथरुणांना, अव्वाच्या — म्हणजे माझ्या आईच्या — पदरालासुद्धा लागे. मग जवसाच्या तेलाचे एकावर एक हात... तळव्याने तेल जिरवताना आप्पांचा चेहरा इतका निवांत असे, की मी अभ्यास सोडून तिथेच बसून राही. त्यांना आनंदात पाहिलं ते तेव्हाच, इतकं नंतर कधीच नाही.

बंदुकीच्या दारूचा पितळी डबा मात्र मेजावर राहत नसे. त्याची जागा परसातल्या कोनाड्यात. कामापुरता आणायचा, झाकण दाबून लगेच परत न्यायचा. मेजाच्या खोलीत रॉकेलची चिमणी न्यायची नाही, काडेपेटी न्यायची नाही. एकदा मामा विडी ओढत उंबऱ्यापाशी आले, तर आप्पांनी पाहुण्याचा मुलाहिजा न ठेवता त्यांना अंगणात पिटाळलं होतं. आमच्या घरात त्या खोलीइतकं सांभाळलेलं दुसरं काहीच नव्हतं, देव्हारासुद्धा नाही.

मग खंडेनवमी आली. मेजाची पहिलीच खंडेनवमी. घरातल्या सगळ्या हत्यारांची त्या दिवशी पूजा — विळे, कुदळ, रंधा, तराजू, अव्वाचं शिवणयंत्र, बंदूक. सकाळी अव्वाने पुरणाच्या हातानेच मला बजावलं, "समद्यास्नी कुंकू लाव. एकबी राहू देऊ नगं, राहिलेलं हत्यार रुसतंय." मी दहा वर्षांची. सगळी हत्यारं आणून मेजावर मांडली, झेंडूच्या माळा घातल्या, आणि परसात फुलं वेचायला गेले तेव्हा कोनाड्यातला डबा दिसला... एकटाच. आप्पांनी तो पूजेच्या दिवशी मुद्दाम लांबच ठेवला होता, हे आज कळतं. तेव्हा मला त्याची दया आली. मी त्याचं झाकण काढून चिंचेने लख्ख घासलं, ओल्या बोटांनी जेमतेम वर टेकवलं, हळदकुंकू लावलं आणि मेजावर मधोमध, झेंडूच्या ढिगात नेऊन बसवला. फुलांत तो पार झाकून गेला. सगळ्यांची पूजा झाली म्हणून मी खूश होते.

आप्पा अंघोळ करून, ओल्या केसांनी, आरतीचं ताट घेऊन आले. आजवर कितीदा विचार केला आहे, त्यांचे पाय उंबऱ्यावर अडखळले कसे नाहीत? विडी चालत नव्हती तिथे पेटता कापूर चालला कसा? पण निरांजन म्हणजे देव, कापूर म्हणजे देव. पूजेच्या विस्तवाला आमच्याकडे कुणी विस्तव म्हणतच नसे. फुलांखाली डबा आहे हे मला माहीत होतं, कापूर मी पाहत होते, विस्तवाचा नियम मला तोंडपाठ होता, आणि तरी मी हात जोडून उभी राहिले. ओवाळताना आप्पा खाली वाकले. कापराचा जळता तुकडा ताटाच्या कडेवरून फुलांत पडला.

फार मोठा आवाज झाला नाही. नुसता पांढरा झोत, मग धूर, मग जळक्या झेंडूचा आणि केसांचा वास. आजही दसऱ्याला मी घरात झेंडू आणत नाही. आप्पा ओरडले नाहीत. दोन्ही तळवे डोळ्यांवर ठेवून खाली बसले आणि विचारलं, "पोर कुठं हाय? पोरीला लागलं न्हाई ना?"

नांदेडला दीड महिना दवाखान्यात होते. चेहरा बरा झाला, डोळे गेले ते गेले. जबाब घ्यायला पोलीस आले तेव्हा मी दाराआड उभी होते. आप्पा शांतपणे म्हणाले, "डबा मीच इसरलो असन मेजावर. माझीच चूक हाय." तेव्हाच बोलायला हवं होतं. दाराआडून दोन पावलं पुढे जायचं होतं, तेवढीही मी गेले नाही. आप्पांची शाळेतली नोकरी सुटली, बंदूक जमा झाली, जमीन बटईने गेली. अव्वाने एका उन्हाळ्यात ते मेज फोडून चुलीत घातलं. आप्पा ओसरीवर बाजेवर बसून ऐकत होते, आणि कुऱ्हाडीच्या आवाजावरून सांगत होते, "हा मागचा पाय... हा डावीकडचा काठ..."

अव्वा गेल्यावर मी त्यांना लातूरला आणलं. गेल्या वर्षी एका रविवारी दुपारी सीताफळाच्या बिया काढून गर त्यांच्या हातावर ठेवत होते, आणि एकाएकी सगळं सांगून टाकलं. कोनाडा, चिंच, ओली बोटं... काहीच मागे ठेवलं नाही. तीस वर्षांनी छाती मोकळी होईल असं मला खरंच वाटलं होतं.

आप्पांनी शेवटपर्यंत ऐकलं, आणि हसले. "उगं माझ्यासाठी खोटं बोलू नको, माय."

मी रडले, शपथ घेतली, त्यांचे पाय धरले. तेव्हा ते चिडले. "बास! तीस वर्षं मी तो डबा आठवून राहिलो. माझ्या हातानं उचलल्याचं आठवतच न्हाई मला, पण माझ्याबिगर त्याला हात कोण लावतंय? आता तू तुझ्या माथी घेतलंस म्हणून का ते फिटंल?"

मला त्यांची क्षमा नको होती. त्यांनी रागावून मला घराबाहेर काढलं असतं तरी मी सुटले असते, आणि त्याहून जास्त ते सुटले असते. पण माझ्या खऱ्यावर त्यांचा विश्वासच बसला नाही, आणि आता कधी बसणारही नाही.

संध्याकाळी शेजारचे काका त्यांच्याशी गप्पा मारायला आले. आप्पा त्यांना कौतुकाने सांगू लागले, "लेक लई मायाळू हाय माझी. बापाची चूक सोताच्या अंगावर घ्यायला निघाली होती आज." काकांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. मी मान खाली घालून चहा ठेवायला आत गेले.