ट्रकखालून ऐकलेली हाक

माझ्या यजमानांना लकवा मारला तेव्हा त्यांचा उजवा हात गेला आणि वाचाही गेली. सेवाग्रामच्या दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा जीव वाचला यातच आम्ही सगळे समाधानी होतो. पण ज्या माणसाची हाक शेताच्या दुसऱ्या टोकाच्या धुऱ्यावर ऐकू जायची, तो पाणी हवं असलं की नुसता ग्लासाकडे बघतो, हे रोज पाहणं मला जड जाऊ लागलं. त्यांचे ओठ हलायचे, आवाज निघायचा नाही, मग ते भिंतीकडे तोंड करून बसायचे. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी शिकवल्याप्रमाणे मी रोज त्यांच्यासमोर बसून सोपे शब्द म्हणत असे. असे कितीतरी महिने गेले. मी घरच्या गणपतीपुढे दिवा लावत होते, तो केवळ सवयीनं. आपलं कोणी ऐकतं तरी का, ही शंका मनात घर करून बसली होती.

आमचा संसार एका जुन्या लष्करी ट्रकवर चालतो. फौजेनं लिलावात काढलेली ही गाडी यजमानांनी घेतली, कारण तिची पुढची चाकंही इंजिनाच्या जोरावर फिरतात. कारंज्याकडच्या संत्र्याच्या बागांमधून, जिथं साधा ट्रक चिखलात रुतून बसतो, तिथून ती माल घेऊन बाहेर येते. पण पुढचं चाक वळायचंही आणि ओढायचंही, म्हणून पुढच्या अॅक्सलच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या, सांध्यांना वेळेवर ग्रीस द्यावं लागतं. यजमान हे काम दुसऱ्या कोणावर सोपवत नसत. मी शेजारी बसून फडकं द्यायची, निघालेलं जुनं ग्रीस पुसायची.

आता गाडी माझे दीर चालवतात. पुढून कटकट आवाज येऊ लागला होता आणि दुपारी बागेत माल भरायला जायचं होतं. सकाळी खोके आणायला निघताना ते म्हणाले, “वयनी, मी आलो का ग्रीस मारतो. तुमी नोका जाऊ खाली.”

मी हो म्हटलं, पण बसवेना. इतकी वर्षं पाहिलेलं काम आहे, आपणच करू, असं वाटलं. यजमानांची खुर्ची अंगणात आणून ठेवली. बादलीभर पाणी मारून अॅक्सलवरचा चिखल धुतला. चाक अधांतरी असलं की ग्रीस सांध्यात सगळीकडे पोचतं, म्हणून जॅकखाली फळी ठेवून चाक उचललं. बाहेरच्या बाजूनं ग्रीस गन लावून पंप मारला, तसं आतलं काळं ग्रीस बाहेर आलं आणि त्यामागून नवं दिसू लागलं. मी यजमानांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. फार दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर मला काही आवडल्याची खूण दिसली.

आतल्या बाजूचा एक सांधा उरला होता. त्यासाठी पाठीवर झोपून मी खाली सरकले. मीच ओतलेलं पाणी जॅकच्या फळीखालच्या मातीत मुरत होतं, याची मला जाणीव नव्हती. मी पंप मारण्यात गुंग होते आणि तेवढ्यात हाक आली.

“अवं, सरक!”

लग्नापासून ते मला ‘अवं’ म्हणूनच हाक मारत आले. कोण बोललं, कसं बोललं, हे मनात यायच्या आधीच अंग बाहेर लोटलं गेलं. मागे धाडकन आवाज झाला आणि गाडी खाली बसली. वळून पाहिलं तर ग्रीस गन चाकाखाली चपटी झाली होती, आणि जिथं माझी मान होती तिथं जॅक आडवा पडला होता.

यजमान डाव्या हातानं खुर्ची धरून अर्धे उठले होते. चेहरा घामानं आणि आसवांनी भिजला होता. मी धावत जाऊन त्यांना बसवलं.

“तुमी बोलले?” मी विचारलं.

तरीही ते “सरक, सरक” असंच म्हणत राहिले, जणू मी अजून खालीच होते.

“सरकली ना मी. हे पाहा, तुमच्यापुढंच बसली हाये.”

त्यांनी माझ्या ग्रीसनं माखलेल्या केसांवर हात ठेवला. मग आम्ही दोघंही रडलो, आणि रडता रडता हसूही आलं.

दीर परतले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. “दादा, मले बी काही बोल ना,” एवढंच ते म्हणाले. यजमानांनी बराच वेळ ओठ हलवले आणि शेवटी शब्द आला, “ये.” दीर लहान मुलासारखे त्यांच्या गुडघ्याला बिलगले. नंतर दिरांनी शेजारून ग्रीस गन मागून आणली, गाडी कोरड्या जागी घेऊन जॅक फरशीवर ठेवला, अॅक्सलखाली जाड ओंडका दिला आणि राहिलेला सांधा भरला. दुपारी गाडी आवाज न करता बागेकडे गेली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की मोठा धक्का बसला की अडकलेले शब्द कधी कधी असे सुटतात. त्यांचं म्हणणं खरंच असेल. ते शब्द कसे आले हे बाईंना ठाऊक, पण ते नेमके त्याच क्षणी आले याबद्दल मी कोणाचे पाय धरायचे ते मला ठाऊक आहे.

पुढच्या चतुर्थीला त्याच गाडीतून आम्ही केळझरच्या गणपतीला गेलो. यांची वाचा पूर्ण परत दे, असं मागायचं मी घरूनच ठरवून निघाले होते. पण गणपतीसमोर उभी राहिले आणि एकही शब्द सुचेना. यजमानांचा उजवा हात वर येत नव्हता. मी तो उचलून त्यांच्या डाव्या हाताला लावला आणि तसाच धरून ठेवला. थोड्या वेळानं ते हळूच म्हणाले, “चाल. भूक.”

आजही त्यांचं बोलणं तुटक आहे. काही शब्द येतात, काही अडतात. पण आता मी त्यांच्या तोंडाकडे धास्तीनं बघत नाही. जे आपल्या हातून होण्यासारखं आहे ते नीट करायचं आणि बाकीचं गणपतीच्या पायाशी ठेवायचं, एवढंच मला समजलं. त्या दिवशी केळझरहून परतल्यावर, अंगणात गाडी उभी असताना आणि यजमान शेजारी घोरत असताना, मला किती दिवसांनी निर्धास्त झोप लागली.