शेड किती हलते?

दुकान कितीही झाडा, कोपऱ्यात चार खिळे निघतातच. कुणी टाकले, कधी टाकले, पत्ता नाही. किस्सेही तसेच साठतात. श्रीवर्धनला माझं पत्रे आणि पाइपांचं दुकान. शिक्षण दहावी, तीही दमत दमत. वादळात पत्रा उडाला की लोक वाऱ्याला काही बोलत नाहीत, दुकानदाराला बोलतात. ऐकून ऐकून कंटाळलो आणि व्हिडिओ बघून कॉम्प्युटरवर सिम्युलेशन शिकलो. म्हणजे शेड आधी लॅपटॉपवर उभी करायची, तिच्यावर वारा सोडायचा आणि ती कुठे वाकते, किती हलते ते बघायचं. वाटलं होतं, कटकट कमी होईल!

पहिलंच काम कोळीवाड्यातल्या मच्छीमार सोसायटीच्या शेडचं. मासेमारी बंद असली की अख्ख्या वाड्याच्या होड्यांची इंजिनं तिच्याखाली ठेवतात. मागची शेड वादळात गेली, इंजिनं भिजली, आणि मासेमारी सुरू झाली तेव्हा अर्ध्या होड्या किनाऱ्यावरच! चेअरमन नामादादा मला म्हणाले, "शेट, यंदा इंजिनं भिजली तर वाड्यात मला कोन दारात उभा न्हाय करनार."

* * *

पहिल्याच दिवशी वारा सोडला आणि लॅपटॉपवरची शेड उठून सरळ स्क्रीनच्या बाहेर! दादा माझ्या मागेच उभे.

"खांब जमिनीत रोवलेत, हे सांगायचं राहिलं," मी म्हणालो.

"याला जमीनपन सांगाय लागते?"

"सगळंच सांगावं लागतं, दादा. स्वतःहून काही करत नाही."

दादांनी उसासा टाकला. "म्हंजे आमच्या कमिटीवानीच हाय."

* * *

पूर्ण वादळाचा वारा लावला तर पाइप जाड, म्हणजे महाग लागत होता. दादा म्हणाले, "वारा जरा कमी लाव की, शेट!"

"घासाघीस पाइपात करा हो, वाऱ्यात नको!"

दादांनी मान हलवली. मग म्हणाले, "बरं, मंग दिघी गावाच्या बाजूनं तरी सोड. तिकडची मानसं बरी हायत!"

* * *

आमचे वेल्डर सलीमभाई. कामाला हिरा माणूस, पण सांगितलं त्याच्या पलीकडे एक टाका मारणार नाही. त्यांना मी स्क्रीनवरच्या चित्राचा रंगीत प्रिंट दिला. कॉम्प्युटर जिथे ताण जास्त तिथे लाल दाखवतो, कमी तिथे निळा.

पुढच्या आठवड्यात जाऊन बघतो तर शेडचे सगळे पाइप वर लाल, मध्ये पिवळे, खाली निळे!

"सलीमभाई, हे काय?"

"ड्रॉइंगप्रमाणे, शेट. एक रंग इधर का उधर नहीं!"

मी डोक्याला हात लावला. दादा मात्र खूश. "समुद्रातनं लांबून दिसल!"

* * *

घरीही तीच तऱ्हा. बायको म्हणाली, "दिवसभर त्या शेडीला वारा घालत बसता. किचनमधला पंखा कधी फिरणार?"

* * *

शेड उभी राहिली. खांबांमध्ये तिरपे पाइप मारले होते. वाऱ्यात शेड तग धरते ती त्यांच्याच जिवावर. तर एक दिवस दादांचा फोन.

"शेट, ते तिरपे पाइप कापतोय. हातगाडी अडते."

"दादा, कापू नका!"

"ठराव झालाय. एकमतानं मंजूर."

"वाऱ्याचं मत घेतलंत का?"

दादांनी खरंच विचार केला. "तो मेंबर न्हाय."

* * *

लॅपटॉप उचलला आणि गेलो. अख्ख्या कमिटीला दाखवलं. तिरपे पाइप काढले तर शेड दारुड्यासारखी झोकांड्या खाते. ठेवले तर नुसती डुलते. खरं हलणं केसाएवढंच असतं. डोळ्याला दिसावं म्हणून कॉम्प्युटर ते कितीतरी पटींनी मोठं करून दाखवतो. हेही सांगितलं मी. पण ऐकतो कोण! सगळे स्क्रीनकडे बघत होते. ठराव रद्द झाला, पाइप राहिले. मी घरी येऊन आडवा झालो.

मग जूनमध्ये तो वाऱ्याचा दिवस आला. सकाळपासून दुकानाचं शटर थडथडत होतं. मला राहवेना. टेम्पो काढला आणि पावसातच कोळीवाडा गाठला.

शेड जागच्या जागी! पत्रा नाही, खांब नाही, काही म्हणता काही हललेलं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं.

आत बघतो तर रिकामी! सगळी इंजिनं बाहेर वाळूत, धो धो पावसात. वर ताडपत्री, आणि ती उडू नये म्हणून अर्धा वाडा तिची टोकं धरून उभा. मधोमध नामादादा, नखशिखान्त भिजलेले.

"अहो दादा, शेड चांगली उभी आहे की! इंजिनं बाहेर का काढलीत?"

दादांनी शेडकडे बोट केलं.

"तुज्या कॉम्प्युटरमधी कशी मस्त डुलत व्हती! हिला सकालपासनं बगतोय, जरा म्हनून हलत न्हाय. असल्या बिघडलेल्या शेडीखाली इंजिनं ठेवू व्हय?"