आईला वेळेचं भान नाही

माझा भाऊ मुंबईहून रोज सकाळी अकराच्या ठोक्याला आईला फोन करतो. काही दिवस ती उचलते, मग सलग चार-पाच दिवस उचलत नाही. एवढ्यावरून त्याने निकाल लावून टाकला. "तिला वेळेचं भान राहिलेलं नाही. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं की घराला कुलूप लावून मी तिला इकडे घेऊन येतो."

माझं डोकंच फिरलं. आई उभा जन्म भाट्याच्या खाडीत तिसऱ्यांच्या शिंपल्या काढत आलीय. पाणी सुकलं, म्हणजे ओहोटी झाली, की टोपली घेऊन निघायचं. ओहोटी रोज पाऊण तास पुढे सरकते आणि आईचं जेवणखाण, झोप सगळं तिच्यामागून सरकतं. त्याच तिसऱ्यांचं कालवण ओरपून वाढलेल्या माणसाने हे विसरावं?

तरी तिला रत्नागिरीत डॉक्टरांकडे नेलं. बाहेर बाकावर बसून माझी पाठ मोडली. मी शाळेत शिकवते, पस्तीस मिनिटांना तास म्हणायची मला सवय. शेवटी एकदाचं आत बोलावलं.

"आजी, आज तारीख काय?"

"बारस."

"तिथी नाही, तारीख विचारली मी. बरं, इथे येऊन किती वेळ झाला?"

आईने खिडकी शोधली. खोलीला खिडकी नव्हती. "पानी हातभर पन सुकला नसंल."

डॉक्टर कागदावर लिहू लागले. मी वाकून वाचलं: वेळेचं भान नाही.

"थांबा," मी म्हटलं. आवाज चढला होता, चढू दे. "आम्ही कधीचे आलोय, हे आता मला विचारा."

"बरं, सांगा."

"दोन तास तरी झाले." मी छातीठोक सांगितलं.

त्यांनी बाहेरची वही मागवली. आम्हाला येऊन पन्नास मिनिटं झाली होती.

"काय गो दोन तास?" आई म्हणाली. "नवाला पानी भरला, तिनाला सुकनार. अजून अर्धा पन नाय झाला."

घड्याळ तर माझ्या मनगटावर होतं. "डॉक्टर, मग माझ्याही नावाचा कागद करा," मी म्हटलं. "दोघींचे एकदमच पाठवू माझ्या भावाला." त्यांनी ती ओळ खोडली.

दुपारी घरून मीच भावाला फोन लावला. "आई कुठेही येणार नाही. आणि अकराचा फोन बंद. आधी तिथी बघायची, पाण्याचा हिशेब करायचा, मग फोन करायचा."

तो हळूच म्हणाला, "मग उद्या किती वाजता करू?"

मला सांगता येईना. आईला विचारायला वळले, तर ओट्यावर तिचा मोबाईल पडलेला होता आणि टोपली जागेवर नव्हती.