पाचवीतल्या तुळजाबाई

माझी नात प्रियदर्शनी आमच्या कुंभार पिंपळगावात पाचवीला गणित शिकवते. तिच्या वर्गाची तऱ्हा अशी, की पोरं बाजारात ‘पाऊण किलो लसूण द्या’ असं बिनचूक मागायची. पण फळ्यावर तीन छेद चार लिहिलं की मुकी! मग आमच्या बाईंनी काय करावं? आठवडी बाजारात अख्खा वर्गच नेऊन तराजूपाशी बसवला. भाजीवाले आधी वैतागले, नंतर स्वतःच पोरांना गणितं घालायला लागले.

त्यावर तिनं लेख लिहिला आणि पुण्याच्या एका शिक्षणविषयक संशोधन पत्रिकेला धाडला. अहो, प्राध्यापकांनी तपासून पसंत केला! मी तर गल्लीभर सांगत सुटलो. पण एक अट आली. मुलांची खरी नावं छापायची नाहीत, त्यांच्या जागी दुसरी घालायची, आणि सोमवारपर्यंत पालकांची लेखी संमती हवी. नाहीतर लेख रद्द.

निम्म्या लेकरांचे आईबाप ऊसतोडीला गेलेले, म्हणून संमतीसाठी बोलावलेल्या सभेला आज्याच जास्त. वर्गातल्या संध्याची आजी तुळजाबाई सगळ्यांत पुढं.

“डोकं माझ्या नातीचं चाललं, आन् नाव दुसरीचं छापायचं? म्या आंगठा देणार न्हाई, जा!”

बाकीच्या आज्यांनीही हात आखडले. प्रियदर्शनीचा चेहरा एवढासा झाला. ती म्हणाली,

“आज्जी, तुमचं मन नसंल तर लेख छापायचाच न्हाई. पर त्यात लेकरांच्या चुकाबी हायेत. उद्या कुणी त्यांना चिडवू नये म्हणून हाये नियम.”

तुळजाबाई म्हणाली, “आसं व्हय? मंग तिच्या जागी माझं नाव टाक की. म्या शाळेतच गेल्ते न्हाई, मला कोण चिडवून राह्यलंय?”

झालं! झुंबरबाई म्हणाली, माझंबी टाक. गिरिजाबाई म्हणाली, मी काय मागं राहू? मीही घुसलो मधी. मी सातवी पास पुंजाराम, बसलो पुन्हा पाचवीत! जल्दी जल्दी सगळे अंगठे उमटले.

संपादकांचा फोन आला, “बाई, पाचवीतल्या मुलीचं नाव झुंबरबाई?”

“सर, नियमात बसतंय ना?”

पलीकडून नुसतं हसू.

परवा अंक आला. शाळेच्या ओट्यावर सगळे जमलो, आणि संध्या मोठ्यानं वाचू लागली, “‘तुळजाबाईला सुरुवातीला फळ्यावर पाऊण आणि सव्वा यांतील फरक दाखवता आला नाही.’”

अख्खा ओटा खिदळला.

“काय?” तुळजाबाई उसळली. “जल्मभर लसूण इकला म्या!”

“आज्जे, पुढं ऐक तर. मंग आलं तुला.”

“आलं ना? मंग तेवढं पुन्यांदा वाच, आन् जरा दमानं!”