गाडीचं पाणी

दादाराव मिस्त्री मोटारीला पाणी उकळून पाजायचे. उदगीरच्या धान्यबाजारामागे त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. तिथे चुलीवर एक काळंकुट्ट पातेलं कायम चढलेलं. पाणी निवलं की ते धोतराच्या धडप्यातून गाळून डब्यात भरून ठेवत. साल दुष्काळाचं; विहिरींचे तळ दिसत होते. "माणसं गढूळ पितेत आन् ह्यो गाडीला गाळून पाजतो," म्हणून बाजार हसायचा. हसणाऱ्यांत मीही होतो. मिस्त्री म्हणत, "माणूस बोंब तरी मारतो. गाडी मुकी हाय. खाऱ्या पाण्यानं तिच्या पोटात चुना धरतोय."

आमची काळी विलायती मोटार अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, हैदराबादच्या एका अधिकाऱ्याकडून कधीकाळी घेतलेली. दहा वर्षं ती आडतीच्या गोदामात पडून होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. लातूरचा नुकताच जिल्हा झाला होता. मी बावीस वर्षांचा, मला नव्या कचेरीसमोर त्या मोटारीतून रुबाबात उतरायचं होतं. मिस्त्रींनी सात महिने घेतले. त्यातले तीन आठवडे त्यांनी हीटरवर घालवले तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"मिस्त्री, उदगीरच्या उन्हात हीटर कशाला?"

"शिवा, गाडीत बेकार काहीच नसतंय. आपल्याला उपयोग म्हाईत नसतो, एवढंच."

इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरपुढे मात्र त्यांनी हात टेकले. तो आतून चोंदलेला होता आणि नवा कुठे मिळेना. "धा मैलांच्या पुढं नेऊ नको," त्यांनी बजावलं होतं.

मिस्त्री नांदेडच्या वर्कशॉपात काम शिकलेले. बौद्ध. समतेची वचनं रोज सकाळी म्हणणाऱ्या आमच्या घरात त्यांचा कप वेगळा होता, ओसरीच्या कोनाड्यात पालथा घातलेला. पाणी विचारलं तर "आत्ताच पिलोय" म्हणायचे. ते कधीच तहानलेले कसे नसतात, असा प्रश्न मला पडला नाही. त्याची आज लाज वाटते.

मे महिन्यात आईला, आमच्या अव्वाला, हगवण-ओकारी लागली. विहिरीच्या तळाचं पाणी आम्ही तसंच पीत होतो. दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले. डॉक्टर म्हणाले, "माझ्याकडचं सलाइन संपलंय. लातूर गाठा. वाटेत उकळलेल्या पाण्यात मीठ-साखर घालून पाजत राहा. खंड पडू देऊ नका." अप्पा देगलूरला गेलेले, भाड्याच्या दोन्ही जीपा बाहेरगावी. मी गॅरेजकडे धावलो. मिस्त्रींनी ऐकलं, पाण्याचा डबा उचलला आणि स्वतःच मोटार चालवायला बसले.

नळेगाव मागे पडलं आणि बॉनेटमधून वाफा निघाल्या. इंजिनाचा ताप दाखवणारी सुई लाल खुणेवर टेकली होती. तेवढ्यात अव्वासाठी घरून उकळून घेतलेली पाण्याची कळशीही संपली. अव्वा पाणी पाणी करत होती आणि जवळच्या विहिरीत नुसते दगड. उरला तो मिस्त्रींचा डबा.

"ते गाडीला लागेल ना?" मी विचारलं.

"उकळलेलं हाय, गाळलेलं हाय. पाज."

माझा हात थांबला. तो गाडीच्या काळजीने थांबला, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. अव्वाने माझ्याकडे एकदा पाहिलं, डबा स्वतःच ओढून घेतला आणि घोट घेतला. मग मी मीठ-साखर कालवली आणि चमच्याने पाजू लागलो.

मिस्त्रींनी इंजिन थोडं निवू दिलं, काचा खाली केल्या आणि हीटर पूर्ण सोडला. त्या उन्हात आमच्या अंगावर भट्टीसारखी हवा आली.

"मिस्त्री, हे काय करताय?"

"इंजिनाचा ताप आपण वाटून घेऊन राहिलो. बोलू नको, पाजत राहा."

उतार आला की ते इंजिन बंद करत, चढ आला की गाडीशी पुटपुटत. त्यांच्या बनियनला कोरडा धागा उरला नव्हता. सुई लाल खुणेवरून केसभर सरकायची, पुन्हा चढायची. मी एकदा सुईकडे बघत होतो, एकदा अव्वाच्या श्वासाकडे. लातूरच्या दवाखान्यात तिला उतरवलं तेव्हा डब्यात दोन घोट उरले होते.

तिसऱ्या दिवशी तिला बोलता येऊ लागलं. खाटेशी उभ्या असलेल्या मिस्त्रींना तिने विचारलं, "पाणी कुणाचं होतं हो ते?" तिला ठाऊक होतं.

"गाडीचं," मिस्त्री म्हणाले आणि बाहेर गेले.

आज मिस्त्री नाहीत, अव्वा नाही, मोटारही नाही. मला आठवतो तो अव्वा घरी परतल्याचा दिवस. तिने मिस्त्रींना बोलावणं धाडलं, कोनाड्यातला कप काढून फेकून दिला आणि स्वतःचा तांब्या भरून त्यांच्यापुढे धरला. अप्पा दारात उभे होते. या खेपेला मिस्त्री "आत्ताच पिलोय" म्हणाले नाहीत. त्यांनी तांब्या घेतला, आत डोकावून पाहिलं.

"अव्वा, उकळलंय का?"

"हाव. दोनदा गाळलंय बी."

मग मिस्त्रींनी तांब्या तोंडाला लावला आणि रिकामा करूनच खाली ठेवला.