बायडाबाईची रक्ती

माझी सासू बायडाबाई स्वभावानं चांगली होती असं कोणी सांगितलं, तर तो माणूस तिच्या घरात एक दिवस राहिलेला नाही असं खुशाल समजा. मी राहिले, म्हणून बोलते. आता ती नाही. पण नाही म्हणून मी तिच्यावर साखर पेरून सांगायची नाही.

एक्क्याण्णव साली मी जुन्नरहून लग्न होऊन लोणीला आले. दहावी झालेली, वडील सरकारी कचेरीत शिपाई, बोलणं जरा सरळ. एवढ्यावरच तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पहिल्या दिवशी मी आमटी केली. तिनं बोट बुडवून चाखलं आणि दारातल्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अळणी हाय." मीठ बरोबर होतं हो! पण त्या दिवसापासून मी केलेलं सगळं अळणी. कालवण अळणी, पिठलं अळणी. एकदा तर चहा प्यायली आणि म्हणाली, अळणी. माझं नावही कधी घेतलं नाही. कल्याणी म्हणायला तिची जीभ झिजत होती. मी आपली 'जुन्नरकरीण'.

तिचा तोरा होता तो रक्तीचा. बोकडाचं रक्त शिजवून करतात ती रक्ती. आमच्या वस्तीत कुणाकडं बोकड कापायचा असला की आधी बायडाबाईला बोलावणं. ती पितळी तपेली घेऊन बोकडाच्या मानेशी बसायची. तपेलीत थोडं मीठ आणि पाणी. रक्त धरायचं, गोठू द्यायचं, मग हळदीच्या पाण्यात उकडून त्याच्या वड्या पाडायच्या आणि कांदा, लसूण, काळ्या मसाल्यावर परतायच्या. बाकी जगात सगळे चुकतात असं तिचं ठाम मत. "जुन्नरची लोकं त्यात इतकं खोबरं घालत्यात का रक्तीचा पार लाडू व्हतो," हे अर्थात मला ऐकवायला. "वर आहुप्याकडं डोंगरात नुसत्या मिठमिरचीवर उकडत्यात, तोंड धुतल्यावानी लागतं. ती मराठवाड्याची मजूर माणसं येत्यात, त्यी लकुटी म्हनत्यात, पातळ रस्सा करत्यात. कुठं कुठं डुकराची बी करत्यात म्हनं. करंनात का! पर लोणीची ती लोणीची." लोणीची म्हणजे तिची.

मी ती खात नव्हते. माझ्या वडिलांनी, कुंडलिक त्यांचं नाव, ती आमच्या घरातून हद्दपार केली होती. ते लहान असताना त्यांच्या गावच्या जत्रेत बोकडं पडायची आणि रक्त आमच्या लोकांना 'हक्क' म्हणून मिळायचं. हक्क कसला, मेला! मडकं डोक्यावर घेऊन शाळेवरून जाताना ते हिंदकळलं, आणि रक्ताचे ओघळ तोंडावर आलेले वर्गातल्या पोरांनी बघितले. वडील हे सांगताना आवाज चढवायचे नाहीत, पण ताट बाजूला सारायचे. माझ्या लग्नाआधी ते आजारी पडले तेव्हा बाबासाहेबांच्या फोटोसमोर मी त्यांना शब्द दिला, की रक्त माझ्या तोंडात कधी जाणार नाही. लग्नानंतर वर्षभरात ते गेले. त्यांनी मला सोनंनाणं दिलं नाही, पण माझ्या तोंडात काय जावं ते मी ठरवायचं, एवढं दिलं. हे मी सासूला पहिल्याच महिन्यात सांगून ठेवलं होतं. ती म्हणाली, "बरं बाई, अळणी खा."

त्र्याण्णवला माझी तेजस्विनी झाली. माहेरी वडील नाहीत, आई भावाकडं मुंबईला, म्हणून बाळंतपण लोणीतच. माझ्या अंगात रक्त राहिलं नव्हतं. उठलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. त्या आठवड्यात सासूनं दारचा बोकड कापला, नात झाली म्हणून. दुपारी माझ्यापुढं ताट आलं. गरम बाजरीची भाकरी आणि काळसर, सुकी, मसाल्यात परतलेली कलेजी.

"कलेजी हाय. खा. अंगात काय तरी भरंल."

मी खाल्लं. भूक इतकी होती की खाली बघितलंच नाही. आणि माझ्याच तोंडानं मी म्हणाले, "लई छान झालंय आत्या, अजून वाढा."

तिनं वाढलं. तेवढ्यात शेजारच्या मळ्यातल्या साळुबाई बाळ बघायला आल्या. शेतकऱ्याघरची बाई, बोलायला मोकळी. ताटात बघून म्हणाल्या, "रक्ती व्हय? ब्येस केलं बायडाबाई, बाळंतिणीला लई चांगली."

मी हातातला तुकडा मोडून बघितला. कलेजी आतून घट्ट असते. ह्याला पावासारखी बारीक बारीक भोकं होती.

मी सासूकडं बघितलं. नाही म्हणेल, निदान मान खाली घालेल? छे! कमरेवर हात ठेवून उभी. "व्हय, रक्तीच हाय. सांगितलं असतं तर खाल्ली असतीस का? मेली असतीस तर तुज्या बापाचा शबुद घेऊन ह्या पोरीला काय पाजलं असतं म्या?"

मी मोरीत जाऊन ओकले. बाळंतीण बाई, टाके ताणले तरी ओकत राहिले. मग तिला जे जे तोंडाला आलं ते बोलले. तिनंही मागं काही ठेवलं नाही, माझ्या मेलेल्या बापालासुद्धा सोडलं नाही. साळुबाई केव्हा निघून गेल्या कळलं नाही.

त्या दिवसापासून एका घरात दोन चुली. मी पडवीत स्टोव्ह मांडला. माझा नवरा कपिल नारायणगावच्या एसटी डेपोत मेकॅनिक. मोठमोठी इंजिनं खोलणारा माणूस, आईपुढं मात्र मूग गिळून बसायचा. दोन्हीकडं जेवायचा आणि दोन्हीकडं 'बरं झालंय' म्हणायचा. त्या वर्षांत त्याचं पोट सुटलं, बाकी कुणाचं काही भलं झालं नाही. सासूला माझ्यावर राग आला की ती अंगणात भांडी घासता घासता माझ्या आवाजाची नक्कल करायची, "लई छान झालंय आत्या, अजून वाढा." वस्तीतल्या पोरांनासुद्धा ते पाठ झालं. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकदा तिची ती पितळी तपेली मी उकिरड्यात फेकली. तिनं ती शोधून, राखेनं घासून, माझ्या स्टोव्हशेजारी आणून ठेवली, मुद्दाम.

खोटं कशाला बोलू, एकदा मात्र मला तिचा अभिमान वाटला. गावच्या जत्रेचा दिवस होता. भिमाजींचा अमृत, गावातली मोठी बागायत त्यांची, मोटारसायकलवर दुधाची किटली अडकवून वस्तीत आला. गाडीवरून न उतरताच म्हणाला, "ए बायडाबाई, तुमची आवडीची वस्तू आणलीय. धरा. आधी तुमी लोक दारात येऊन न्यायचा, आता आमीच पोच करतो." आणि हसला. किटलीत रक्त होतं.

सासू शांतपणे पुढं गेली. किटली घेतली, झाकण काढलं आणि सगळं त्याच्या मांडीवर आणि पेट्रोलच्या टाकीवर ओतलं.

"तुमच्या दारचं आमी छप्पन सालीच सोडलं. म्या नवी नवरी व्हते तवा. माझ्या सासऱ्यानं समद्या वस्तीची मडकी फोडली. आमी खातो ती आमच्या बोकडाची, आमच्या दारात. जा, तुज्या बापाला सांग."

अमृत शिव्या देत गेला. आठवडाभर गावात धुसफुस चालली, आमच्या दोघीतिघींना मळ्यात कामाला नको म्हणाले. सासूनं शेपूट घातलं नाही. माझ्या वडिलांनी हे बघायला पाहिजे होतं असं मला वाटलं. तिला तसं सांगावं म्हणून मी पडवीतून उठलेसुद्धा. तर ती माझ्याकडं वळून म्हणाली, "काय बघतीस? तुला काय, तू अळणी खा." मी परत बसले.

दोन हजार चार साली ती पडली. गुडघ्यांच्या गोळ्या उपाशीपोटी खायची, कुणाला सांगायची नाही. पोटात जखम होऊन आतल्या आत रक्त जात होतं. मंचरच्या एका दवाखान्यात नेली तेव्हा ओठ पांढरे. डॉक्टर म्हणाले, रक्त लगेच लागेल, आणि हिचा गट सहज मिळत नाही, पेढीत आत्ता पिशवी नाही. कपिलनं बाही वर केली. जुळलं नाही, तो बापाच्या गटाचा. मग माझं तपासलं.

पोटच्या पोराचं नाही आणि माझं जुळलं! मी त्या बाकावर बसून हसले. नर्सला वाटलं मी घाबरले. मी तिला म्हणाले, "काढा, पण पेशंटला सांगू नका कुणाचं आहे ते." कपिलला दम भरला. माझ्या मनात दया वगैरे काही नव्हती, स्पष्ट सांगते. मला न विचारता तिनं माझ्यात रक्त घातलं होतं. आता माझी पाळी होती.

माझी पिशवी तिला लावली. दुसऱ्या दिवशी तिचं तोंड सुरू झालं, म्हणजे बरं वाटायला लागलं. डब्यातली खिचडी अळणी म्हणून झाली. मग बाजूच्या खाटेवरच्या बाईला म्हणाली, "कोण देवमाणूस व्हता कुणाला ठावं. रक्त दिलं बगा मला. कसं अंगात ऊन ऊन पळतंय! कपिल, त्या माणसाला हुडीक. घरी जेवायला बोलीव. आपला बोकड कापू, माज्या हातची रक्ती खाऊ घालीन त्येला."

मी डब्याचं झाकण लावलं. "आत्या, ते माझं रक्त आहे."

कपिल खिडकीबाहेर बघायला लागला.

"तुमी मला सांगितलं नव्हतं. मी पण नाही सांगितलं. आता ओकून दाखवा."

मला वाटलं होतं ती सुई उपटून काढील. तिनं त्या हाताकडं बघितलं, नळी लावलेल्या. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, पण रागाचं की कशाचं, मला कळलं नाही. मग तोंड भिंतीकडं करून म्हणाली, "तरीच. काल धरनं समदं अळणी का लागतंय म्हनलं."

घरी आल्यावर तिला बसवत नव्हतं, तरी तिनं बोकड कापायला लावलाच. शब्द दिला होता ना, रक्त देणाऱ्याला जेवू घालायचा. मी पडवीत धुमसत होते. वडिलांना दिलेला शब्द एकदा मोडला होता, तो माझ्या नकळत. आता समोर ताट आलं तर ते अंगणात भिरकावायचं, एवढं मी ठरवलं होतं. तिलाही माहीत होतं मी भिरकावणार.

दुपारी ती भिंतीला धरून माझ्या स्टोव्हपाशी आली. हातात ताट घेऊन, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ताट खाली ठेवलं. भाकरी आणि काळसर सुकं कालवण. मी उठायला लागले.

"बस," ती म्हणाली. खाली टेकताना कण्हली. मग तिनं ताटातला एकेक तुकडा उचलून माझ्या डोळ्यांपुढं मोडला. एक, मग दुसरा, मग तिसरा, ताटात होते तेवढे सगळे. आतून घट्ट. एकालाही भोक नव्हतं.

"कलेजी हाय. रक्त धरलंच न्हाई म्या, मातीत सोडलं. आता इचारते. खातीस का, कल्याणी?"

मी तुकडा उचलला, पुन्हा एकदा मोडून बघितला, तिच्या देखत. मग खाल्ला. तसं कालवण मी आजवर खाल्लेलं नाही.

"अळणी आहे," मी म्हणाले.

तिनं मिठाचा डबा माझ्याकडं सरकवला. "घे. आन् गप गिळ."